एमपीएससीत दोन-तीनदा राहिल्यावर परत अभ्यासाला कसं बसायचं

रिझल्टची पीडीएफ उघडायची, सर्चमधे आपला सीट नंबर टाकायचा आणि काहीच सापडत नाही. मग आपल्याला वाटतं टाइप करताना एखादा आकडा चुकला असेल, म्हणून हॉल तिकीट समोर धरून परत टाकतो, मग शेवटचे दोन आकडे सोडून टाकतो, आजूबाजूच्या सगळ्यांचे नंबर दिसतात पण आपला नाही. मी हे तीनदा केलंय. दोनदा राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला आणि एकदा मुख्य परीक्षेला. त्यानंतर कंबाइनमधून, म्हणजे एमपीएससीच्याच गट ब च्या संयुक्त परीक्षेतून, राज्यकर निरीक्षक झाले, आणि आता माझा मामेभाऊ दुसऱ्यांदा पूर्वला अडकलाय, त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगत होते तेच इथे नीट लिहितेय.

सगळ्यात आधी जी चूक मी केली ती सांगते कारण जवळजवळ सगळेच करतात. नापास झालो की आपण म्हणतो, "चला, आता पहिल्यापासून." नवीन वही, नवीन टाइमटेबल, नवीन क्लासची फी, सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून परत सुरुवात. ऐकायला खूप चांगलं वाटतं पण खरं तर यात आपण गेल्या वर्षीचा पेपर उघडून बघायचं टाळत असतो. तुम्ही नवखे नाही आहात. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी पहिल्यांदा बसणाऱ्याकडे नसते, ती म्हणजे खऱ्या हॉलमधे, खऱ्या टेन्शनमधे तुम्ही सोडवलेला पेपर. आधी तो उघडायचा, पुस्तकं नंतर.

पहिले आठ-दहा दिवस

रिझल्टनंतर लगेच अभ्यासाला बसू नका. घरी जा. मी केजजवळच्या आमच्या गावी गेले होते, आई काहीच विचारायची नाही आणि तेच जास्त जड जायचं, पण तरी दहा दिवस झोप झाली, जेवण वेळेवर झालं. या दिवसांत एकच नियम पाळा, कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. अभ्यास सोडायचाही नाही, नवीन क्लास लावायचाही नाही, ऑप्शनल म्हणजे मुख्यचा वैकल्पिक विषय बदलायचाही नाही. आणि टेलिग्रामचे ग्रुप म्यूट करा, तिथे रिझल्टच्या आठवड्यात "कटऑफ एवढा का गेला" यावर दिवसरात्र चर्चा चालते, त्यातून तुमचा एकही मार्क वाढत नाही.

झोपच लागत नाहीये, जेवण जात नाहीये, जगण्यात काय राहिलंय असे विचार येतायत, असं दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर ते अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि विचार फारच टोकाचे असतील तर दोन आठवडे थांबूच नका, त्याच दिवशी फोन लावा आणि घरात किंवा रूमवर कोणालातरी जवळ बसवून सांगा. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मित्र अचानक गप्प झाला असेल, डबा तसाच परत जात असेल तर त्याला पण विचारा, खरंच विचारा.

जुना पेपर टेबलावर घ्या

हे या सगळ्या लेखातलं मुख्य काम आहे, याला पूर्ण चार-पाच दिवस द्या.

लागणाऱ्या गोष्टी: तुमच्या उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी, प्रश्नपत्रिका, आणि आयोगाची अंतिम उत्तरतालिका. अंतिम म्हणजे अंतिमच घ्या, पहिली नको, कारण हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. कॉपी हरवली असेल तर तो पेपर घड्याळ लावून आज परत सोडवा, अगदी तसंच होणार नाही पण अंदाज येतो.

आता प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचं. "म" म्हणजे माहीत होतं आणि बरोबर आलं. "व" म्हणजे माहीत होतं पण वाचताना किंवा गोल भरताना चुकलं. "द" म्हणजे दोन पर्यायांत अडकले होते. "ख" म्हणजे खात्री होती पण मुळात पाठांतरच चुकीचं होतं. "त" म्हणजे तुक्का. आणि सोडलेले वेगळे. जे "द" आणि "त" बरोबर आले त्यांच्यापुढे पण तेच अक्षर लिहा, तिथे प्रामाणिकपणा लागतो कारण बरोबर आलेलं सगळं आपल्याला माहीतच होतं असं वाटायला लागतं.

माझ्या दुसऱ्या पूर्वच्या जीएस म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरचा हिशोब देते. १०० पैकी ९१ सोडवले, ५२ बरोबर, ३९ चूक. बरोबरला २ मार्क, चुकलेल्याला पाव निगेटिव्ह म्हणजे अर्धा मार्क वजा. १०४ वजा १९.५, झाले ८४.५. मला वर्षभर वाटत होतं की मी तुक्के जास्त मारले म्हणून गेले, सगळ्यांना तेच सांगत होते. पण अक्षरं लिहिल्यावर काय निघालं बघा. तुक्के १४ होते, त्यातले ४ बरोबर आणि १० चूक, म्हणजे ८ मिळाले आणि ५ गेले, ३ मार्क फायदाच झाला होता. दोन पर्यायांत अडकलेले २४, त्यातले ११ बरोबर १३ चूक. खात्रीने चुकवलेले ७. आणि माहीत असून वाचताना चुकलेले ९.

या नऊवर मी खरंच खूप वेळ बघत बसले होते. "अयोग्य विधान ओळखा" ला योग्य विधान शोधलं, "पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रम लावा" ला उलटा लावला, एका ठिकाणी पुस्तिकेवर २ ला टिक आहे आणि गोल ३ चा भरलाय. असा एक प्रश्न सुधारला तर अडीच मार्क वाढतात कारण २ मिळतात आणि वजा होणारा अर्धा वाचतो. नऊ प्रश्न म्हणजे साडेबावीस मार्क. ८४.५ चे १०७ झाले असते, एकही नवीन पान न वाचता. आणि मी काय करत होते, तर नवीन क्लासच्या चौकशा.

मग दुसरा हिशोब विषयाप्रमाणे करा. चुकलेले आणि सोडलेले मिळून माझे ४८ प्रश्न हातचे गेले होते, त्यात सगळ्यात जास्त १४ सायन्सचे होते आणि पॉलिटीचे, म्हणजे राज्यघटना-राज्यव्यवस्थेचे, फक्त ४. तरी त्या वर्षात मी दोन महिने पॉलिटीच परत वाचली होती, कारण ती येते, वाचताना बरं वाटतं. आर्ट्सवाल्यांचं हे हमखास होतं. जे येतं ते परत परत वाचायचं आणि जे येत नाही ते "शेवटी बघू". तुमचा "शेवटी बघू" वाला विषय कुठला आहे ते असा तक्ता केल्यावरच कळतं.

हे झालं की एका पानावर फक्त तीन ओळी लिहा, माझे मार्क कुठे गळतात. तीनच. माझ्या होत्या: वाचण्यातल्या चुका, सायन्स, दोन पर्यायांत अडकणं. पुढचे सहा महिने अभ्यास या पानावरून ठरवायचा.

प्रत्येक गळतीचं औषध वेगळं आहे

वाचताना चुकत असेल तर जास्त वाचून ते जाणार नाही, तो हाताच्या सवयीचा भाग आहे. घरी सोडवताना सुद्धा प्रत्येक प्रश्नातला शेवटचा शब्द, योग्य, अयोग्य, नाही, वगळून, हा पेनाने गोल करायचा आणि मगच पर्याय बघायचे. मला ही सवय लागायला साधारण बाराशे-पंधराशे प्रश्न लागले. गोल भरताना एकेक प्रश्न भरत जा किंवा पुस्तिकेच्या एका पानाचे एकदम भरा, पण रोज एकच पद्धत ठेवा, पेपरच्या दिवशी पद्धत बदलू नका.

दोन पर्यायांत अडकणारे प्रश्न म्हणजे तुम्ही ते वाचलेलं असतं पण रिव्हिजन कमी पडलेली असते. यासाठी नवीन पुस्तक घेतलं तर अजून वाढतं, कारण दोन पुस्तकांत दोन प्रकारे लिहिलेलं असतं आणि डोक्यात दोन्ही अर्धवट बसतं. त्या २४ प्रश्नांचे मुद्दे मी एका वहीत काढले, प्रत्येकाखाली कशात गोंधळ झाला ते एका ओळीत, उदाहरणार्थ दांडेकर समिती १९८४ ची आणि केळकर समिती २०१३ ची, दोन्ही प्रादेशिक असमतोलावरच्या, पण कोणी काय एकक धरलं, जिल्हा की तालुका, हे माझं दर वेळी उलटं व्हायचं. अशा जोड्यांची वही केली की लक्षात येतं की आपण सगळीकडे नाही, ठराविक पंचवीस-तीस जोड्यांमधेच अडकतोय.

खात्रीने चुकलेले सगळ्यात घातक, कारण त्यावर आपण कधी शंकाच घेत नाही. ते मूळ पुस्तकात जाऊन, स्टेट बोर्डाचं किंवा एनसीईआरटीचं, तिथेच लाल पेनाने दुरुस्त करा, वेगळ्या वहीत नको.

तुक्क्यांबद्दल एवढंच की एमपीएससीत पाव निगेटिव्ह आहे, म्हणजे चार पर्यायांत आंधळा तुक्का मारला तरी सरासरीने नुकसान होत नाही, आणि एक पर्याय नक्की उडवता आला तर सोडवणंच फायद्याचं. यूपीएससीत एक तृतीयांश आहे, तिथे गणित वेगळं. पण दर वेळी त्या परीक्षेच्या जाहिरातीतल्या आणि पुस्तिकेवरच्या सूचना नीट वाचा, नियम बदलतात आणि जुन्या मुलांनाच ते कळत नाही कारण आपल्याला वाटतं आपल्याला माहितीये.

सीसॅट

२०२२ पासून पूर्वचा दुसरा पेपर फक्त पास होण्यापुरता झाला, ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आता त्यातच मुलं जातायत, जीएसला चांगले मार्क असून. एका प्रश्नाला अडीच मार्क आहेत, निगेटिव्ह धरून ३५ बरोबर आणि २० चूक आले तरी ७५ होतात. टार्गेट ७५-८० ठेवा, ६६ नाही.

तुम्हाला गणित येत नसेल तर घाबरू नका, निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर असतात. पण उतारे घरी कोणी सोडवतच नाही, सगळे गणिताच्याच मागे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी चार उतारे, घड्याळ लावून, मराठी आणि इंग्रजी दोन्हीतून डोळा फिरवत, कारण कधी कधी मराठी वाक्य अवघड वाटतं आणि इंग्रजीत पटकन कळतं, कधी उलट. गणितातले तीन-चार चॅप्टरच पक्के करा, टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, आणि बुद्धिमत्तेतली बैठक व्यवस्था. बस.

मुख्य परीक्षा आता लेखी आहे, जुने लोक इथेच फसतायत

ज्यांनी जुन्या पॅटर्नची मेन्स दिलीये त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. आधी जीएसचे चारही पेपर गोल भरायचे होते. आता नऊ पेपर, मराठी आणि इंग्रजी ३००-३०० चे फक्त पास होण्यासाठी, मग निबंध २५०, जीएसचे चार पेपर प्रत्येकी २५०, ऑप्शनलचे दोन २५०-२५०, एकूण १७५०, आणि मुलाखत २७५. पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला मोठी आंदोलनं झाली आणि मग हा पॅटर्न २०२५ पासून लागू करायचं ठरलं. तेव्हा कोणाची बाजू बरोबर होती यात आता जाऊ नका, पॅटर्न आलाय.

आपल्यासारख्या जुन्यांची अडचण ही की आपल्याला ओळखता येतं पण लिहिता येत नाही. पर्याय समोर दिसला की "हो हेच" असं होतं, पण कोरं पान दिलं की दोन ओळींत संपतं. मी मामेभावाला सांगितलं की एक प्रश्न घे, "सह्याद्रीच्या पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश आणि तिथल्या दुष्काळावरचे उपाय", आणि सात मिनिटांत लिही. सात का, तर तीन तासांत २५० मार्क म्हणजे १० मार्कांना साधारण सात मिनिटं येतात. त्याने पहिली पाच मिनिटं दुष्काळ म्हणजे काय हेच लिहिलं.

मग आम्ही दोघांनी फोनवर तेच उत्तर परत बांधलं. सुरुवातीला दोन ओळीत कारण, नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, महाबळेश्वरला धो धो पडतो आणि तिथून जवळच्याच वाईला त्याचा लहानसा भाग. बाजूला छोटा आडवा छेद, डोंगर, वाऱ्याचे बाण, दोन नावं, तीस सेकंदात होतो. मग भाग कुठला, माणदेश, सांगलीचा पूर्व भाग, बीड-उस्मानाबादकडचा पट्टा, आता धाराशिव लिहायचं हे पण लक्षात ठेवायचं. मग उपाय, ताकारी, म्हैसाळ, टेंभू या कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या योजना, शेततळी, जलयुक्त शिवार. मग एक ओळ अडचणीची, उपसा योजनांचं वीजबिल आणि पाणीवाटप. चितळे आयोगाचा १९९९ चा अहवाल आठवला तर एक उल्लेख. झालं. यात त्याला माहीत नसलेलं काहीच नव्हतं, फक्त क्रमाने बाहेर काढायची सवय नव्हती.

म्हणून रोज दोनच उत्तरं लिहा, पण रोज. पहिले वीस दिवस पुस्तक उघडं ठेवून लिहिलं तरी चालेल. तपासायला क्लासच लागतो असं नाही, अभ्यासिकेतले तिघं मिळून एकमेकांचे पेपर तपासा, फक्त तीन गोष्टी बघायच्या: विचारलं त्याचंच उत्तर आहे का, पहिल्या दोन ओळींत मुद्दा आला का, आणि महाराष्ट्रातलं एक तरी खरं उदाहरण आहे का. हस्ताक्षर सुंदर नको, वाचता आलं पाहिजे. आणि तीन तास सलग लिहायची सवय राहिलेलीच नसते, हात खरंच दुखतो, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी पूर्ण तीन तास बसा.

मराठीचा पेपर पास होण्यापुरताच आहे, २५ टक्के लागतात, पण ते नाही मिळाले तर बाकीचे पेपर मोजलेच जात नाहीत. आणि इंग्रजीचं ज्यांना भ्या आहे त्यांनी आठवड्याला एक सारांश आणि एक निबंध लिहायला आत्ताच सुरू करा.

ऑप्शनल निवडताना टॉपरने काय घेतलं ते बघू नका. दोन-तीन विषयांचे आराखडे काढा, भूगोल, मराठी साहित्य, लोकप्रशासन, जे असेल ते, प्रत्येकाला पाच-सहा दिवस द्या आणि त्या दिवसांत पाच-सहा उत्तरं लिहून बघा. ज्याची उत्तरं लिहिताना कंटाळा आला नाही आणि ज्याचं मटेरियल तुमच्या भाषेत मिळतंय तो घ्या, आणि मग बदलायचा नाही.

पुस्तकं कमी करा

तुमच्या खोलीत आत्ता जेवढी पुस्तकं आहेत त्यातली निम्मी बांधून ठेवा. एका विषयाला एक मुख्य पुस्तक आणि शालेय पुस्तकं, बस. चालू घडामोडींना एकच मासिक आणि एक वर्तमानपत्र. त्याशिवाय महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मात्र मूळ वाचा, बजेटच्या आधी येते, साइटवर फुकट असते, सगळी नाही, तक्ते आणि ठळक बाबी. क्लासच्या नोट्समधे त्यातले आकडे कधी कधी मागच्या वर्षीचेच राहिलेले असतात. माझ्या हातात असेच आले होते आणि मी ते पाठ करून गेले होते.

आणि गेल्या आठ-दहा वर्षांचे आयोगाचे पेपर विषयाप्रमाणे कापून एकत्र लावा. चॅप्टर वाचायच्या आधी त्या चॅप्टरवरचे जुने प्रश्न वाचा, नंतर नाही. कशावर बोट ठेवायचं ते आधी कळलं की वाचन अर्ध्या वेळात होतं.

दिवस

बारा-चौदा तास बसणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून स्वतःला कमी समजू नका. पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकेत मी सकाळी सातला जायचे आणि रात्री दहाला निघायचे, त्यातले खरे तास मोजले तेव्हा साडेसहा निघाले, बाकी चहा, मेस, जिन्यात गप्पा, फोन. मोजून सात-आठ तास खरे होत असतील तर ते भरपूर आहेत. सकाळी जो विषय गळतोय तो, दुपारी जेवणानंतर प्रश्न सोडवणे कारण तेव्हा वाचताना झोप येते, संध्याकाळी उत्तरलेखन, रात्री आजचंच एकदा परत. रविवारी सकाळी पेपर ज्या वेळेला असतो त्याच वेळेला टेस्ट.

टेस्टबद्दल एक सांगायचंय. टेस्ट सीरिजचे मार्क आणि खऱ्या पेपरचे मार्क यांचा फार संबंध लावू नका, पण टेस्टनंतर वर सांगितलेली अक्षरं मात्र दर वेळी लिहा. टेस्ट दोन तासांची आणि तपासणी तीन तासांची असं झालं पाहिजे. ज्याला तपासायला वेळ नाही त्याने टेस्ट देऊ नये, एक कमी द्या. दर चार टेस्टनंतर "व" चा आकडा बघा. नऊवरून तीनवर आला की समजायचं काम होतंय, मार्क नंतर दिसतात.

तारीख पुढे जाणारच असं धरून चाला

२०२१ मधे १४ मार्चचा पेपर तीन दिवस आधी पुढे ढकलला, मुलं पुण्यात शास्त्री रोडवर उतरली, मग २१ मार्चला झाला. २०२४ ला २५ ऑगस्टचा पेपर थेट १ डिसेंबरला गेला. २०२५ ला पुरामुळे २८ सप्टेंबरचा ९ नोव्हेंबरला. राग येतो, येणारच, खोलीचं भाडं कोणी परत देत नाही. पण प्लॅन असा करा की मूळ तारखेच्या आठ दिवस आधी सगळं एकदा पूर्ण झालेलं असेल, आणि पुढे ढकलला तर काय करायचं ते पण आधीच एका कागदावर लिहिलेलं असेल: पहिले तीन दिवस सुट्टी, मग फक्त त्या तीन गळत्यांची रिव्हिजन, आठवड्याला एक टेस्ट. नाहीतर पेपर पुढे गेला की पंधरा दिवस कोणीच पुस्तक उघडत नाही.

पैसे, घर आणि दुसरा रस्ता

हा भाग अवघड आहे आणि लोक याबद्दल बोलत नाहीत. अभ्यास सुरू करायच्या आधी घरच्यांशी एकदा बसून बोला आणि तारीख सांगा. "अजून एक वर्ष" असं नाही, "पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, तोपर्यंत महिन्याला एवढे लागतील, त्यानंतर मी हे करेन." मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, असं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, लोकांना काय सांगायचं तेच कळत नव्हतं." मला वाटायचं ते माझ्यावर चिडलेत. ते चिडलेले नव्हते, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

पुण्यात राहणं गरजेचंच आहे का ते पण बघा. पहिल्या वर्षी वातावरणाचा उपयोग होतो, तिसऱ्या वर्षी नाही. आता तुम्हाला काय करायचं ते माहीत आहे, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसूनही होतं, आणि खोली, मेस, लायब्ररी धरून जे नऊ-दहा हजार जातात ते वाचले की डोक्यावरचं अर्धं ओझं कमी होतं. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या स्टायपेंडसह कोचिंगच्या जाहिराती येतात, तुमच्या प्रवर्गाप्रमाणे त्यांच्या साइटवर लक्ष ठेवा, प्रवेश परीक्षेची तयारी वेगळी लागत नाही. आणि मुलींना एक वेगळं सांगते, घरी परत गेलं की अभ्यास सोडला असं समजून स्थळं सुरू होतात, म्हणून जाण्याआधीच तारखेचं बोलणं करून घ्या, फोनवर नाही, समोर बसून.

दुसरा रस्ता म्हणजे दहा फॉर्म भरणं नाही. ज्यांचा अभ्यासक्रम आपल्याशी जुळतो अशाच दोन परीक्षा घ्या. गट ब च्या कंबाइनला पूर्व तासाभरात १०० प्रश्न असतात, तिथे वेग लागतो, त्यामुळे राज्यसेवेनंतर पाच-सहा आठवडे फक्त तासाच्या टेस्ट सोडवा. गट क मधे लिपिक-टंकलेखक हवं असेल तर टायपिंगचं सर्टिफिकेट आधी लागतं, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं, ते संध्याकाळी तासभर जाऊन काढून ठेवा, पोस्ट निघाल्यावर धावपळ करून होत नाही. छोटी पोस्ट घेतली की मोठी राहते असं काही जण म्हणतात, माझा अनुभव उलटा आहे, पगार सुरू झाल्यावर पहिल्यांदा मी पेपर शांतपणे वाचू शकले.

वयाचं गणित पण लिहून ठेवा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मधे २०२० च्या शेवटी संधींची मर्यादा आणली होती, ती नंतर मागे घेतली. यूपीएससी पण देत असाल तर तिथे खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसीला ३५ आणि ९, आणि पूर्वचा एक पेपर दिला तरी प्रयत्न मोजला जातो. म्हणून तयारी नसताना "अनुभव म्हणून" तिथे बसू नका.

कागदपत्रं

एवढा अभ्यास करून नॉन-क्रिमिलेयरच्या तारखेवरून बाहेर गेलेली मुलं मी पाहिलीयत. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जाहिरातीत कुठल्या तारखेचं चालेल ते दिलेलं असतं, ते शब्दशः वाचा. ईडब्ल्यूएसवाल्यांनी पण तेच. जात पडताळणी, डोमिसाइल, नावातला फरक, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र, हे सगळं आत्ता रिकामा वेळ आहे तोवर करा, तहसीलमधे हेलपाटे मारायला मेन्सच्या महिन्यात वेळ नसतो.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी वाचा, जोड्यांची वही, लाल पेनाच्या दुरुस्त्या, आणि आधीच्या टेस्टमधे "व" लिहिलेले प्रश्न. नवीन काहीही नाही, कोणी कितीही "हे येणारच" म्हणून पीडीएफ पाठवली तरी.

सेंटर आदल्या दिवशी बघून या. हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, काळे बॉलपेन दोन. पेपर हातात आला की पहिल्या पाच प्रश्नांवर मुद्दाम हळू जा, गेल्या वेळची भीती तिथेच येते, हात थरथरतो आणि सोपा प्रश्न चुकतो. शेवटचा शब्द गोल करा, मग पर्याय. दोन पेपरच्या मधल्या वेळेत कोणाशीही पहिल्या पेपरची उत्तरं जुळवू नका, डबा खा, डोळे मिटून बसा, सीसॅट बाकी आहे.

घरी आलात की कार्बन कॉपीचा फोटो काढून ती फाइलला लावा. अजून आठवतंय तोवर, त्याच संध्याकाळी, अर्धा तास बसून पुस्तिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे ते अक्षर लिहून टाका, उत्तरतालिका न बघता. मग जेवा आणि झोपा.